कुपातला साग, घरातली तुळई

बल्लारपूरच्या डेपोत सागाचे ओंडके थप्प्या लावून ठेवलेले असतात. प्रत्येकावर हातोड्याची खूण आणि रंगवलेला क्रमांक. लिलावाआधी खरेदीदार थप्पीभोवती फिरतो, ओंडक्याचा घेर बघतो, कापलेल्या तोंडावर वाकून गाभा किती आणि बाहेरचे पांढरे लाकूड किती ते पाहतो, पोकळीची शंका आली तर ठोकून आवाज ऐकतो. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान याच चंद्रपूर भागातून गेले, तेव्हा या लाकडाची मोठी बातमी झाली. मला मात्र त्या हातोड्याच्या खुणेचे मोल अधिक वाटते. तिच्यामुळे ओंडका कुठून निघाला याचा माग काढता येतो, आणि लाकूड पर्यावरणाच्या बाजूचे की विरुद्ध, हे त्या मागावरच ठरते.

सुकलेल्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कार्बन असतो, आणि झाडाने तो हवेतून घेतलेला असतो. एक घनमीटर, म्हणजे सुमारे ३५ घनफूट सागात तीनशे किलोच्या आसपास कार्बन साठतो. हवेतल्या वायूच्या हिशेबात तो एक टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड होतो. तुळई कुजत नाही, जळत नाही तोवर तो घरात राहतो. सिमेंटचे गणित नेमके उलटे आहे. चुनखडी भाजताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीच्या इंधनाचा त्याहून वेगळा. इंधन बदलता येईल, पण चुनखडीतून सुटणाऱ्या वायूला तेवढ्याने आळा बसत नाही. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे.

लाकडाचा हा फायदा खरा ठरतो तो तोडलेल्या जागी पुन्हा झाड उभे राहिले तरच. वनखात्याची जुनी शिस्त हेच सांगते: जंगलाचे कूप, म्हणजे तोडीसाठीचे भाग, पाडायचे, ते पाळीपाळीने तोडायचे, मधल्या काळात विरळणी करून चांगल्या झाडांना जागा द्यायची. कागदावर ही शिस्त उत्तम आहे. पण मिश्र जंगल साफ करून त्या जागी एकजात सागाची रोपवने झाली, तिथे हिरडा, मोह, तेंदू गेले आणि त्यांच्यावर जगणाऱ्या गावांचे उत्पन्नही गेले. अशा रोपवनातल्या सागाला मी शाश्वत म्हणणार नाही, मग त्याची कागदपत्रे कितीही चोख असोत.

जंगलतोडीची चिंता रास्त होती, म्हणून १९८८च्या राष्ट्रीय वननीतीनंतर देशाची दिशा बदलली. १९९३ साली केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या इमारतींत लाकूड वापरायला बंदी घातली. १९९६ साली गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याराज्यांतल्या तोडीला लगाम घातला. त्या आदेशाने पुष्कळ जंगल वाचले, हे मान्यच केले पाहिजे. पण दारे-खिडक्यांची गरज काही संपली नाही. त्यांत लाकडाच्या जागी लोखंड, ॲल्युमिनियम आणि पीव्हीसी आले. सागवान ब्रह्मदेशातून येत राहिले, आणि २०१४ साली त्या देशाने ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर घाना, इक्वाडोर, पनामाकडे पाहिले गेले. आपले जंगल राखताना आपण दुसऱ्याच्या जंगलावर भार टाकला. सरकारी इमारतींतल्या लाकडावरची ती बंदी उठायला २०२० साल उजाडले.

ही बंदी आली त्याच १९९३ च्या सप्टेंबरअखेरीस किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली, ती बहुतेक दगडमातीच्या जाड भिंतींखाली. मराठवाड्यातले जुने घर खणांत मोजतात: लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर माळवदाची जड माती. भूकंपानंतर पाहणाऱ्या अभियंत्यांना अनेक ठिकाणी असे दिसले की भिंती कोसळल्या, पण खणाचा सांगाडा माळवद तोलून उभा राहिला. लाकूड लवते, आणि खांब-तुळईच्या सांध्यात थोडी हालचाल सामावली जाते. या सांगाड्याला हलके छप्पर आणि बांधीव भिंती दिल्या असत्या तर काय झाले असते, हा प्रश्न पुनर्वसनाच्या वेळी फारसा कुणी विचारला नाही. नवी गावे सिमेंटची झाली.

परदेशात लाकडाने मोठ्या इमारती बांधण्यावर बरेच काम झाले आहे. आडव्या-उभ्या फळ्यांचे थर चिकटवून केलेल्या जाड लाकडी पाट्या ऑस्ट्रियात नव्वदच्या दशकात विकसित झाल्या. अशा थरांच्या लाकडाने नॉर्वेत २०१९ साली ८५ मीटरची, तर २०२२ साली अमेरिकेत मिलवॉकीला २५ मजल्यांची इमारत उभी राहिली. आगीची भीती सगळ्यांना वाटते, पण जाड तुळईवर कोळशाचा थर धरतो, आतले लाकूड त्याआड टिकते, आणि जळण्याचा वेग मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास असल्याने हिशेब आधी करता येतो. तरी युरोपातून जहाजाने पाट्या आणून पुण्यात हरित इमारत बांधणे मला पटत नाही. आपल्याकडे यमुनानगरच्या प्लायवुडला शेतातला पॉप्लर पुरतो, केरळात चीक संपलेले रबराचे झाड बोरॉनची प्रक्रिया करून वापरले जाते. कोकणात फणस आणि आंबा परसातच आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने सामूहिक वनहक्क मिळवून २०११ साली बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती घेतले. तोड किती करायची हे जंगलाशेजारी राहणारे गाव ठरवते, तेव्हा पुढच्या वर्षीचा बांबू शिल्लक ठेवण्यात त्याचाच स्वार्थ असतो.

सर्वांत स्वच्छ लाकूड मात्र आधीच तोडलेले आहे. पुण्या-नाशकात वाडा पाडताना ठेकेदार आधी कडीपाट उतरवतो, कारण त्यात पैसा आहे. त्यातली तुळई करवतीवर चढली की धुराने काळवंडलेल्या पापुद्र्याखाली तांबूस-पिवळा गाभा उघडतो, सागाचा तेलकट वास सुटतो. जुन्या खिळ्यांभोवती निळसर काळे डाग असतात. चिरणारा ते खिळे आधी शोधून काढतो, कारण एक राहिला तरी पाते जाते. हे लाकूड पुन्हा दारात, जिन्यात बसले की कुठल्याच कुपाला हात लावावा लागत नाही. म्हणून वाडा पाडायची परवानगी देताना महापालिकांनी आतल्या लाकडाची घनफुटांत नोंद घ्यावी आणि ते कुठे गेले हे ठेकेदाराला लिहून द्यायला लावावे. तुळया विकल्या जातात, त्यांना गिऱ्हाईक आहे. वासे, रिपा आणि तुकडे अनेकदा राडारोड्यात नाहीतर भट्टीत जातात. नोंदीची गरज त्यांना जास्त आहे.