ऑनडिजिटल ते आयटीव्ही डिजिटल : एका सशुल्क दूरचित्रवाणी सेवेचा उदय, नामांतर आणि अस्त

प्रस्तावना :

दूरचित्रवाणी हे माध्यम जसे सांस्कृतिक आहे, तसेच ते आर्थिकही आहे. जाहिरातींवर चालणारी वाहिनी प्रेक्षकाचा वेळ मागते. सशुल्क वाहिनी वेळेबरोबर पैसाही मागते. साहजिकच अशा वाहिनीच्या यशापयशाची कारणे केवळ कार्यक्रमांच्या दर्जात शोधून चालत नाही. प्रक्षेपणाचे तंत्र, स्पर्धकांचे बळ, हक्कांच्या खरेदीचे करार आणि नियामक संस्थेचे निर्णय या साऱ्यांचा विचार करावा लागतो. ब्रिटनमधील 'ऑनडिजिटल' ही सेवा या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. १९९८ मध्ये सुरू झालेली ही सेवा २००१ मध्ये 'आयटीव्ही डिजिटल' या नव्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २००२ मध्ये बंद पडली. अवघ्या साडेतीन वर्षांच्या या वाटचालीचा परामर्श घेणे आणि तिच्या अपयशाचा भार अखेर कोणावर पडला, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :

ब्रिटिश संसदेने १९९६ मध्ये संमत केलेल्या प्रसारण कायद्याने भूस्थित डिजिटल प्रक्षेपणाचा मार्ग मोकळा केला. भूस्थित प्रक्षेपण म्हणजे उपग्रहाऐवजी जमिनीवरील मनोऱ्यांवरून होणारे, घराच्या छपरावरील साध्या अँटेनाने ग्रहण करता येणारे प्रक्षेपण. या व्यवस्थेत 'मल्टिप्लेक्स' हा शब्द वेगळ्या अर्थाने येतो. एका वाहिनीला पूर्वी जेवढी जागा लागत असे, तेवढ्याच जागेत अनेक डिजिटल वाहिन्या एकत्र बांधून पाठविण्याची सोय म्हणजे मल्टिप्लेक्स. देशासाठी अशी सहा मल्टिप्लेक्स निश्चित करण्यात आली. त्यांपैकी तीन जून १९९७ मध्ये 'ब्रिटिश डिजिटल ब्रॉडकास्टिंग' या कंपनीला मिळाली. हीच कंपनी पुढे ऑनडिजिटल या नावाने बाजारात उतरली.

या कंपनीचे मूळ भागीदार तीन होते. कार्लटन व ग्रॅनाडा या आयटीव्ही जाळ्यातील दोन बड्या कंपन्या आणि उपग्रह वाहिन्यांच्या क्षेत्रात अग्रेसर असलेली बीस्कायबी. एकाच कंपनीचे वर्चस्व दोन्ही प्रक्षेपणमार्गांवर राहू नये, या स्पर्धाविषयक कारणास्तव बीस्कायबीला भागीदारीतून बाहेर पडावे लागले. तत्त्वतः हा निर्णय योग्यच होता. मात्र त्याचा व्यवहारातील परिणाम विपरीत झाला. भागीदार म्हणून बाहेर पडलेली कंपनी प्रतिस्पर्धी म्हणून समोर उभी राहिली. शिवाय स्कायच्या क्रीडा व चित्रपट वाहिन्यांशिवाय नव्या सेवेचे दुकान भरत नव्हते. म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा करावयाची, त्याच्याकडूनच माल विकत घ्यावयाचा, अशी ही अडचणीची स्थिती प्रारंभापासूनच होती.

सेवेचा उदय व तांत्रिक मर्यादा :

१५ नोव्हेंबर १९९८ रोजी ऑनडिजिटलचे प्रक्षेपण सुरू झाले. त्यापूर्वी सुमारे दीड महिना, १ ऑक्टोबर रोजी, स्कायची डिजिटल उपग्रह सेवा सुरू झालेली होती. ऑनडिजिटलची भूमिका सोपी व आकर्षक होती. भिंतीवर तबकडी बसवावयास नको, घरातील जुना अँटेना पुरे. सेट टॉप बॉक्स आणावा आणि वाहिन्या पाहाव्यात. प्रत्यक्षात हे आश्वासन अनेक घरांत पुरे पडले नाही. जुने अँटेना नव्या वारंवारतांना पुरेसे ठरेनात आणि ते बदलावे लागत.

याचे कारण प्रक्षेपणाच्या रचनेतच होते. जुन्या अॅनालॉग वाहिन्यांना अडथळा होऊ नये म्हणून डिजिटल प्रक्षेपणाची शक्ती कमी ठेवण्यात आली होती. त्याच वेळी मर्यादित जागेत अधिकाधिक वाहिन्या बसविण्यासाठी संकेतांची मांडणी अतिशय दाट केलेली होती. संकेत जितके दाट, तितके ते बाह्य अडथळ्याने लवकर बिघडतात. अॅनालॉग चित्र बिघडले तर ते अंधूक दिसते. डिजिटल चित्र बिघडले तर ते चौकटी-चौकटींनी फुटते किंवा थांबूनच जाते. महिन्याचे पैसे भरणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा होता.

वाहिन्यांच्या संख्येतही उपग्रहाशी बरोबरी शक्य नव्हती. तीन मल्टिप्लेक्सांत जेमतेम काही डझन वाहिन्या मावत, तर उपग्रहावर शेकड्याने. १९९९ च्या मे महिन्यात स्कायने तबकडी व बॉक्स ग्राहकाला विनामूल्य देण्याची घोषणा केली. ऑनडिजिटलनेही तोच मार्ग स्वीकारला. त्यामुळे ग्राहक वाढले. परंतु प्रत्येक नवा ग्राहक आधी खर्च आणि नंतर, टिकला तर, उत्पन्न घेऊन येऊ लागला. सेवा सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. त्यात बनावट स्मार्ट कार्डांचा सुळसुळाट झाला आणि पैसे न भरता वाहिन्या पाहणारा एक वर्ग निर्माण झाला. या कार्डांची कुलूपव्यवस्था पुरविणाऱ्या फ्रेंच कॅनाल प्लस समूहाने मार्च २००२ मध्ये एनडीएस या प्रतिस्पर्धी कंपनीवर अमेरिकेत दावा दाखल केला. एनडीएसने आरोप नाकारले आणि निकाल न लागताच तो दावा संपुष्टात आला.

क्रीडावाहिनी व फुटबॉल करार :

सशुल्क दूरचित्रवाणीत क्रीडाप्रक्षेपणाचे हक्क ही मुख्य पुंजी मानली जाते. १९९२ पासून प्रीमियर लीगच्या सामन्यांच्या बळावर स्कायने आपला पाया भक्कम केला होता. ऑनडिजिटलनेही युरोपीय चॅम्पियन्स लीगच्या सामन्यांसाठी स्वतःच्या क्रीडावाहिन्या चालविल्या. मात्र प्रीमियर लीगचा मोठा ठेवा स्कायकडेच राहिला. तेव्हा जून २००० मध्ये कंपनीने त्याखालच्या तीन विभागांतील ७२ क्लबांची संघटना असलेल्या फुटबॉल लीगशी करार केला. तीन हंगामांसाठी ३१.५ कोटी पौंड, म्हणजे वर्षाला सरासरी १०.५ कोटी पौंड देण्याचे ठरले.

या क्लबांना स्थानिक निष्ठेचे मोठे बळ आहे. बार्न्सलीचा किंवा हडर्सफील्डचा प्रेक्षक आपल्या गावाच्या संघासाठी पावसात उभा राहतो. तथापि तो दुसऱ्या दोन गावांचा सामना घरी बसून, वेगळी वर्गणी भरून पाहीलच असे नाही. स्थानिक निष्ठा आणि राष्ट्रीय बाजारपेठ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद किंमत ठरविताना लक्षात घेतला गेला नाही. ११ ऑगस्ट २००१ रोजी 'आयटीव्ही स्पोर्ट चॅनल' सुरू झाली. परंतु स्कायच्या उपग्रह सेवेवर तिला स्थान मिळाले नाही. देशातील सर्वांत मोठ्या सशुल्क प्रेक्षकवर्गापासून ही वाहिनी दूरच राहिली.

नामांतर :

क्रीडावाहिनीच्या आरंभाला महिना असतानाच, ११ जुलै २००१ रोजी, ऑनडिजिटलचे नाव बदलून आयटीव्ही डिजिटल करण्यात आले. नव्या नावामागील विचार उघड होता. १९५५ पासून घराघरांत पोहोचलेल्या आयटीव्ही या नावाची पुण्याई नव्या सेवेच्या पाठीशी उभी करावयाची होती. विनोदी नट जॉनी व्हेगास आणि 'मंकी' हे विणलेल्या माकडाचे बाहुले यांच्या जाहिराती अत्यंत लोकप्रिय झाल्या. बाहुले मिळविण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. सेवा बंद पडल्यावरही हे बाहुले विस्मृतीत गेले नाही; २००७ मध्ये ते एका चहाच्या जाहिरातीत पुन्हा अवतरले.

नामांतराने सेवेची ओळख वाढली, पण तिचे दुखणे जागच्या जागी राहिले. अंधूक ग्रहण, मर्यादित वाहिन्या, महाग हक्क आणि बनावट कार्डे यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्या नावात नव्हते. उलट त्यात एक अंतर्विरोध होता. आयटीव्ही म्हणजे फुकट पाहावयाची वाहिनी, अशी प्रेक्षकांची साडेचार दशकांची सवय होती. त्याच नावाने आता मासिक वर्गणी मागितली जात होती. नव्या सेवेचा लाभ व्हावा म्हणून आयटीव्हीची मुख्य वाहिनी स्कायच्या डिजिटल सेवेपासून बराच काळ दूर ठेवण्यात आली होती. अखेर नोव्हेंबर २००१ मध्ये ती तेथे गेली. अर्थात ऑनडिजिटलचे एक वैशिष्ट्यही नामांतरानंतर काही महिन्यांतच संपले.

अस्त :

२००२ च्या आरंभी कंपनीने फुटबॉल लीगकडे देणी कमी करण्याची मागणी केली. करारापोटी १७.८५ कोटी पौंड द्यावयाचे बाकी होते. त्याऐवजी ५ कोटी पौंड देण्याचा प्रस्ताव ठेवण्यात आला. लीगने तो नाकारला. २७ मार्च २००२ रोजी कंपनीचा कारभार न्यायालयीन प्रशासकांकडे गेला. १ मे रोजी सशुल्क वाहिन्या बंद झाल्या आणि त्याच महिन्यात क्रीडावाहिनीचाही शेवट झाला. त्या वेळी सेवेचे सुमारे साडेबारा लाख वर्गणीदार होते. स्कायचे डिजिटल ग्राहक याच सुमारास ५० लाखांच्या पुढे गेलेले होते. कार्लटन व ग्रॅनाडा यांचे मिळून सुमारे १ अब्ज पौंड या उपक्रमात खर्ची पडले.

हमीचा प्रश्न :

या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद भाग येथून सुरू होतो. आयटीव्ही डिजिटल बुडाली असली तरी तिच्या मालक कंपन्या श्रीमंत होत्या. तेव्हा उरलेली रक्कम त्यांनी द्यावी, अशी लीगची अपेक्षा होती. बोलीच्या वेळी दिलेल्या प्राथमिक दस्तऐवजात भागधारक कंपन्या हमी देतील, असा उल्लेख होता. तथापि तो दस्तऐवज अंतिम कराराच्या अधीन होता आणि अंतिम करारात तशी हमी समाविष्ट झाली नव्हती. १ ऑगस्ट २००२ रोजी उच्च न्यायालयाने लीगचा दावा फेटाळला. मर्यादित दायित्वाच्या कंपनीचे कर्ज तिच्या भागधारकांवर, लेखी हमीवाचून, लादता येत नाही, हे कंपनी कायद्याचे मूलतत्त्व येथे पुन्हा अधोरेखित झाले.

पुढे लीगने आपल्याच कायदेसल्लागारांवर निष्काळजीपणाचा दावा केला. २००६ मध्ये त्याचा निकाल लागला. करार करणारी दुसरी बाजू आर्थिकदृष्ट्या कितपत भक्कम आहे, हा व्यापारी निर्णय असून त्याची जबाबदारी प्रामुख्याने पक्षकाराची असते, असा या निकालाचा आशय आहे. लीगच्या पदरात नाममात्र ४ पौंड भरपाई पडली.

दरम्यान प्रक्षेपणाचे हक्क स्कायने चार वर्षांसाठी ९.५ कोटी पौंडांना घेतले. वार्षिक हिशेब केल्यास ही रक्कम मूळ कराराच्या एक चतुर्थांशाहूनही कमी होते. येणाऱ्या पैशाच्या भरवशावर अनेक क्लबांनी खेळाडूंशी मोठ्या वेतनाचे करार केलेले होते. बार्न्सली, लेस्टर सिटी, इप्सविच टाऊन, हडर्सफील्ड टाऊन अशा क्लबांवर २००२ व २००३ मध्ये प्रशासक नेमण्याची वेळ आली. प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र कारणेही होती. खालच्या विभागात घसरण, मैदानाच्या बांधकामाचा खर्च, पूर्वीचा अव्यवहार इत्यादी. परंतु गृहीत धरलेले उत्पन्न नाहीसे होणे हा समान धागा होता. दूरचित्रवाणी कंपनीने घेतलेल्या जोखमीची किंमत अशा रीतीने लहान शहरांतील क्लबांना व त्यांच्या नोकरांना मोजावी लागली.

विनामूल्य सेवेचा उगम :

सेवा बंद पडली, पण तिचे तंत्र वाया गेले नाही. परत आलेली मल्टिप्लेक्स जुलै २००२ मध्ये बीबीसी व क्राऊन कॅसल यांना देण्यात आली. ३० ऑक्टोबर २००२ रोजी 'फ्रीव्ह्यू' ही वर्गणीविना चालणारी सेवा सुरू झाली. काही मल्टिप्लेक्सांवर संकेतांची मांडणी विरळ करण्यात आली. वाहिन्या थोड्या कमी झाल्या, पण चित्र स्थिर झाले. आयटीव्ही डिजिटलचे बॉक्स अवसायकांनी परत मागितले होते. अखेर मूळ मालक कंपन्यांनी रक्कम भरून ते ग्राहकांकडेच राहू दिले. त्या बॉक्सांवर फ्रीव्ह्यूच्या वाहिन्या दिसू लागल्या. विशेष म्हणजे या नव्या उपक्रमात बीस्कायबीही सहभागी होती. १९९७ मध्ये ज्या दारातून ती बाहेर पडली, त्याच दारातून ती २००२ मध्ये आत आली. ब्रिटनमधील अॅनालॉग प्रक्षेपण ऑक्टोबर २०१२ मध्ये पूर्णतः बंद झाले. ते शक्य होण्यात या विनामूल्य सेवेचा वाटा मोठा होता. कार्लटन व ग्रॅनाडा यांचे विलीनीकरण होऊन २००४ मध्ये आयटीव्ही ही एकच कंपनी अस्तित्वात आली.

निष्कर्ष :

१. नामांतर हे प्रसिद्धीचे साधन आहे, दुरुस्तीचे नव्हे. ग्राहक सेवा का सोडतो याचे निदान झाल्याखेरीज केलेला नावातील बदल जाहिरात गाजवितो. सेवा तारत नाही.

२. ज्या तंत्राने सशुल्क सेवेला दगा दिला, त्याच तंत्राने विनामूल्य सेवेला यश दिले. दोष तंत्राच्या अस्तित्वात नव्हता. त्याच्या कुवतीपलीकडे केलेल्या अपेक्षेत होता. मोजक्या वाहिन्या स्पष्ट व फुकट मिळाल्या, तेव्हा प्रेक्षकाने त्या आनंदाने स्वीकारल्या.

३. नियामकाने स्पर्धा टिकविण्यासाठी घेतलेला निर्णय पुरवठ्याच्या साखळीचा विचार करून घ्यावा लागतो. बीस्कायबीला भागीदारीतून वगळून तिलाच मुख्य पुरवठादार ठेवल्याने नवी सेवा अधिक दुबळी झाली.

४. करारातील रकमेइतकीच ती रक्कम देण्यास कोण बांधील आहे, ही बाब महत्त्वाची असते. ३१.५ कोटी पौंडांच्या आकड्याकडे सर्वांचे लक्ष गेले; हमीच्या कलमाकडे गेले नाही. वाणिज्य, विधी व माध्यम या तिन्ही विद्याशाखांच्या अध्यापनात हे प्रकरण उदाहरणादाखल घेण्याजोगे आहे, ते याच कारणासाठी.