मे महिन्यातली चिडचिड

पिंपळनेरच्या बाजारात सकाळी अकरानंतर माणूस दिसेनासा झाला, की उन्हाळा खरा सुरू झाला असं समजायचं. पांझरेचं पात्र आटलेलं, पत्र्याची छपरं तापलेली आणि तिकडे धुळ्याचा पारा ४२-४३ अंशांवर. नेमक्या याच दिवसांत आपल्या बायकांच्या वाट्याला सगळी कामं एकदम येतात. बँकेची आणि बचत गटाची मार्चअखेर संपते न संपते, तोच ११ आणि १४ एप्रिल. जयंतीची वर्गणी, मुलींची भाषणं, मिरवणूक. १ मे रोजी शाळांचे निकाल. मुलगी बारावीला असेल तर मेच्या सुरुवातीला नीट. मग लग्नसराई, बुद्धपौर्णिमा, वर्षभराच्या कुरडया, बिबड्या, नागलीचे पापड. आणि एवढ्यात जिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, बढतीची विभागीय परीक्षा द्यायची आहे किंवा स्वतःचं शिलाईचं दुकान वाढवायचं आहे, ती पहाटे चारला उठून दिवा लावते.

मग एखाद्या दुपारी मुलावर हात उगारला जातो. सासूबाईंना उलट उत्तर जातं. पुस्तक उघडं असतं, पण डोक्यात काही शिरत नाही. "माझ्यातच काहीतरी कमी आहे," असं ती मनाशी म्हणते. ताई, आधी शरीराकडे बघू या, स्वभावाचं नंतर.

झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान रात्री थोडं उतरावं लागतं. पत्र्याचं घर मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतं, त्यामुळे ते उतरत नाही. झोप उशिरा लागते, तुटक लागते आणि चारचा गजर मात्र ठरल्या वेळी होतो. चार-पाच रात्री असं झालं की लक्ष टिकत नाही, राग पटकन येतो, क्षुल्लक गोष्टीवर रडू येतं. त्यात पाण्याची कमतरता. आपल्याकडे बायका पाणी कमी पितात ते तहान नसते म्हणून नव्हे. शाळेत, कार्यालयात, बसस्थानकावर धड स्वच्छतागृह नसतं म्हणून. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते आणि चिडचिड वाढते. तिसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ज्याला आपण 'मन लागत नाही' म्हणतो, त्यातला काही भाग हिमोग्लोबिनचा किंवा थायरॉईडचा असू शकतो. साधी रक्ततपासणी करून घेतल्याशिवाय स्वतःला आळशी म्हणू नका.

ऋतूचा मनावर परिणाम होतो, हे डॉक्टरांनीही नोंदवलेलं आहे. अमेरिकेत नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हिवाळ्यात येणाऱ्या उदासीचं वर्णन केलं. पुढे काही जणांना हीच उदासी उन्हाळ्यात येते, असंही दिसलं. हिवाळ्यातली उदासी माणसाला झोपवते आणि खायला लावते; उन्हाळ्यातली झोप उडवते, भूक मारते, जीव घाबरा करते. बर्फाच्या देशांतली पुस्तकं पहिलीबद्दल भरपूर लिहितात. आपल्याला दुसरी ओळखता यायला हवी.

आता थोडं नाजूक बोलायचं आहे. जयंतीच्या निमित्ताने अनेक ठिकाणी सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांना अभिवादन म्हणून वर्षातला एक दिवस तो जरूर करावा. पण आपल्या कित्येक मुली ते रोजचं माप समजतात. घरातली पहिली पदवीधर, पाठीमागे दोन भावंडं, शिक्षणाचं कर्ज, आणि सगळ्या वस्तीचे डोळे तिच्या निकालाकडे. थांबली तर अपराधी वाटतं. अशा वेळी बाबासाहेबांचं उत्तर आयुष्यही वाचावं. मधुमेह, पायांच्या वेदना, रक्तदाब, कमी होत गेलेली नजर. त्या शरीरावर किती ताण पडला होता, हे त्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसतं. आणि माता रमाई? २७ मे १९३५ रोजी, दीर्घ आजारानंतर, वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी त्या गेल्या. दर मे महिन्यात आपण त्यांच्या त्यागावर भाषणं करतो. त्यांच्या आजारपणावर एखादं भाषण व्हायला काय हरकत आहे? घरातल्या बाईने आजार अंगावर काढणं हा काही वारसा नव्हे.

२०१९च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७, असं आढळलं. म्हणजे बाईची जवळपास पाच तासांची दुसरी पाळी. उन्हाळ्यात ती पाळी चुलीपाशी किंवा गॅसपाशी असते, हे पाहणीत लिहिलेलं नाही, पण आपल्याला माहीत आहे. म्हणून मन सांभाळण्याचा पहिला उपाय ध्यान नाही. कामाची वाटणी आहे. संध्याकाळची भांडी आणि पाणी भरणं मुलाकडे आणि नवऱ्याकडे द्या. परीक्षेच्या महिन्यात बिबड्या विकत आणा. बचत गटाच्या बायका चांगल्या करतात आणि त्यांनाही चार पैसे मिळतात. त्यावर कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

आपल्याच मातीत याची एक जुनी सोय होती. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. ऐन उन्हाळ्यात सासुरवाशिणी माहेरी यायच्या, निंबाला झोका बांधायच्या, गाणी म्हणायच्या, मैत्रिणींशी मन मोकळं करायच्या. सण तुम्ही पाळा किंवा पाळू नका, पण शेतात वर्षभर राबणाऱ्या बाईला या तापात काही दिवस कामातून सोडवायचं, हे शहाणपण त्यात होतं. आज नोकरीवाल्या, अभ्यासवाल्या लेकीला झोका नाही आणि रजाही नाही. विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ सगळ्या जणी तासभर नुसत्या बसल्या, कुणाची सभा नाही, कुणाचा अहवाल नाही, तरी पुष्कळ फरक पडेल.

बाकी गोष्टी साध्या आहेत. अवघड अभ्यास पहाटे पाच ते साडेआठ; पण मग रात्री दहाला पुस्तक मिटायचंच. दुपारी एक ते चार डोक्याचं काम ठेवू नका; तीनच्या आत वीस मिनिटं आडवं व्हा. संध्याकाळी पाचनंतर चहा नको. सूर्य मावळल्यावर गच्चीवर किंवा पत्र्यावर पाणी शिंपडा, पाण्याची टंचाई असेल तर निदान खिडकीला ओला पडदा लावा, झोपण्याआधी अंघोळ करा. ताक, पन्हं, नागलीची आंबील आपल्या घरात आहेच. आनापान येत असेल तर दहा मिनिटं जरूर बसा, मात्र गरम खोलीत उपाशीपोटी नको.

एक सूचना विसरू नका. मानसिक आजाराची काही औषधं चालू असतील तर उन्हाळ्यात जास्त जपावं लागतं. लिथियम घेणाऱ्यांच्या शरीरात पाणी कमी झालं, तर रक्तातलं औषधाचं प्रमाण धोकादायक वाढू शकतं. इतर काही गोळ्यांनी घाम कमी येतो. गोळी स्वतःहून बंद करू नका. उन्हाळा लागताच डॉक्टरांना विचारा.

उन्हात कुणी अचानक असंबद्ध बोलू लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो राग किंवा 'अंगात येणं' नाही, तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आणि पाऊस आला, झोप झाली, परीक्षा संपली, तरी उदासी जात नसेल. दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल. मरणाचे विचार येत असतील, तर थांबू नका. मरणाचे विचार असतील तर त्याच दिवशी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. पिंपळनेरला ग्रामीण रुग्णालय आहे. तिथून पुढे धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाता येईल. साक्रीमार्गे एसटीने जायचं तर सकाळची पहिली गाडी धरा, उन्हाच्या आत पोहोचाल. सोबत बहीण किंवा मैत्रीण न्या आणि जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत ठेवा.