ताटातला केस

"अगं, तांदळात केस दिसतोय, काढ बरं," आई म्हणाली. मी ताट उजेडाला धरून पाहिलं, केस नव्हता. पण तिनं नजर फिरवली की तो फिरायचा, आणि नेमका त्याच्याकडे बघायला गेली की निसटायचा.

केस डोळ्याच्या आत होता. खरं तर ती सावली होती. डोळ्यातल्या भिंगापासून मागच्या पडद्यापर्यंत एक पारदर्शक जेल भरलेलं असतं, त्याला काचाभ द्रव म्हणतात. ते जेमतेम 4 मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमचाभराहून कमी. त्यात 98 टक्के तर पाणीच. कोलॅजेनचे अतिसूक्ष्म तंतू आणि हायलुरोनिक आम्ल त्या पाण्याला धरून ठेवतात. वयाबरोबर ही वीण उसवते, जेल जागोजागी पातळ होतं आणि सुटलेल्या तंतूंचे पुंजके होतात. त्यांची सावली पडद्यावर पडते. पांढऱ्या तांदळावर किंवा उजळ आकाशावर नजर गेली की बाहुली आकसते आणि सावली रेखीव होते. कागदाला टाचणीनं भोक पाडून, ते डोळ्याजवळ धरून आकाशाकडे (सूर्याकडे कधीच नाही) बघा, ती आणखी ठसठशीत दिसेल. नजर थांबली तरी सावली तरंगत राहते, कारण चालताना थबकलो तरी बादलीतलं पाणी हिंदकळतं, तसंच हे जेल.

निळ्या आकाशात सरसर पळणारे चमकते ठिपके मात्र वेगळे. पडद्याच्या केशवाहिन्यांतून जाणाऱ्या त्या आपल्याच पांढऱ्या रक्तपेशी! त्या दिसल्या की मी अजूनही हरखून जाते.

साधारण पन्नाशी-साठीनंतर हे जेल आकसून पडद्यापासून सुटतं. मायनस नंबर मोठा असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर त्याआधीही. सुटताना पडद्याला ओढ बसली की डोळ्यात वीज चमकल्यासारखं होतं. बहुतेकांचं जेल सुखरूप सुटतं. पण जिथे ते घट्ट चिकटलेलं असतं तिथे पडदा फाटू शकतो, फटीतून पाणी मागे शिरतं आणि पडदाच सुटू लागतो. हे सगळं होताना दुखत मात्र नाही, पडद्याला वेदना कळतच नाहीत. म्हणून "दुखत नाहीये ना, मग बघू सावकाश" या वाक्याची मला फार भीती वाटते. अचानक काळ्या ठिपक्यांचा सडा पडला, विजा चमकल्या किंवा कडेनं काळोख सरकू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पडदा नुसता फाटलेला असेल तर बहुतेकदा लेझरनं भागतं, सुटला की ऑपरेशन. मधुमेह असेल तर आतल्या रक्तस्रावाची सुरुवातही अशाच ठिपक्यांनी होऊ शकते.

आईच्या डोळ्यांत थेंब घालून डॉक्टरांनी बाहुली मोठी केली आणि पडदा अगदी कडेपर्यंत तपासला. शाबूत होता. महिन्याभरानं पुन्हा बोलावलं. पुंजका विरघळवणारे थेंब नाहीत, हे ऐकून ती जरा हिरमुसली. केस अजून आहे. तांदूळ निवडताना तो आडवा आला की ती नजर झटकन वर-खाली करते, तो बाजूला हिंदकळतो आणि तेवढ्यात ती खडा उचलते.