खानेसुमारीतल्या बायका काय करत होत्या?

जुन्या खानेसुमारीचे, म्हणजे जनगणनेचे, तक्ते चाळताना एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. शेतकरी, विणकर, कुंभार, वाणी, शिपाई अशा पुरुषांच्या मोठमोठ्या संख्या, आणि शेजारच्या बायकांच्या रकान्यात मात्र आकडे रोडावलेले. त्यावरून काढलेले निष्कर्ष लेखांतून, भाषणांतून फिरत राहतात. प्रगणकांना त्या वेळी दिलेल्या सूचना शेजारी ठेवल्या, की त्यातले बरेचसे टिकत नाहीत.

गैरसमज: पूर्वी बायका फक्त घर सांभाळत, म्हणून त्यांचा धंदा कागदावर आला नाही.

वस्तुस्थिती: देशभर एकाच वेळी झालेली पहिली खानेसुमारी 17 फेब्रुवारी 1881 ची. तिच्या धंद्याच्या रकान्यात पुरुषांबरोबर काम करणाऱ्या बायका-मुलांनाही जागा होती. अट एवढीच, की त्या कामाने कुटुंबाच्या उत्पन्नात भर पडली पाहिजे. सूचनेत उदाहरण दिलं होतं ते सूतकताईचं. घरात बसून सूत कातणाऱ्या बाईचं हे काम धंदा म्हणून लिहायचं नाही; ते सूत नेमाने विकलं जात असेल तरच लिहायचं. दोन शेजारणींनी सारखाच वेळ चरखा फिरवला, तरी जिचं सूत बाजारात गेलं ती कामकरी ठरली आणि जिच्या सुताचं घरातच लुगडं झालं ती बिनकामाची.

गैरसमज: नवऱ्याच्या धंद्यात राबणाऱ्या बाईला सरकारने सरसकट ‘आश्रित’ ठरवलं.

वस्तुस्थिती: नियम बघितला तर तसं दिसत नाही. 1931 च्या सूचनांनुसार घरकाम करणारी बाई आश्रित होती, पण सरपण किंवा शेण गोळा करून विकणारी मिळवती होती. कुंभाराच्या बायकोचं तर नाव घेऊन उदाहरण आहे. नवऱ्याच्या मडक्यांसाठी ती नेहमी माती आणत असेल तर मिळवती, अधूनमधून हात लावत असेल तर आश्रित.

अडचण नियमापेक्षा उंबऱ्यावर होती. दारात आलेला प्रगणक बहुधा शाळामास्तर किंवा गावकामगार, आणि उत्तर देणारा घरचा कर्ता पुरुष. ‘नेहमी’ आणि ‘अधूनमधून’ यांतली रेघ कुठे ओढायची, हे त्या दोघांच्या बोलण्यातच ठरून जाई. मुंबईच्या गिरणीत सूत गुंडाळण्याच्या, म्हणजे वाइंडिंग किंवा रिळिंग, खात्यात काम करणाऱ्या बाईच्या बाबतीत हा प्रश्न नव्हता. तिला पगार होता आणि हजेरीपटावर तिचं नाव होतं. रत्नागिरीकडे भाताची लावणी, बेणणी, कापणी करून वर गुरं सांभाळणारी चाकरमान्याची बायको मात्र सांगणाऱ्याच्या तोंडून ‘घरीच असते’ एवढ्यावर संपू शकत होती.

गैरसमज: दर दहा वर्षांचे आकडे एका रेषेत मांडले, की बायकांच्या कामाचा इतिहास समोर येतो.

वस्तुस्थिती: प्रत्येक वेळी मोजणीचं माप बदललं आहे. 1891 मध्ये काम करणारे आणि त्यांच्यावर पोसले जाणारे वेगळे काढलेच नाहीत. त्यामुळे त्या तक्त्यात शेतकऱ्याचं तान्हं पोरसुद्धा शेतीच्या आकड्यात सापडतं. 1901 मध्ये ही फारकत झाली. 1931 मध्ये ‘मिळवते’ आणि ‘काम करणारे आश्रित’ असे गट आले. 1951 ला निकष कमाईचा झाला आणि लोकसंख्येची स्वावलंबी, मिळवते आश्रित व न मिळवते आश्रित अशी वाटणी झाली.

ब्रिटिश अमलात भारतातले जुने उद्योग खरोखर किती बुडाले, याचा छडा लावताना डॅनियल थॉर्नर या अर्थतज्ज्ञाने 1881 ते 1931 चे आकडे तपासले. त्यांतले बायकांचे आकडे त्याला इतके बेभरवशाचे वाटले, की त्याने मुख्य भर पुरुषांच्या आकड्यांवर दिला. सावधगिरी म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण सूतकताई, भात कांडणं, दळण यांसारखी कामं मुख्यतः बायकांच्याच हातात होती, आणि ती त्या हिशेबात मागे पडली.

गैरसमज: 1961 नंतर दहा वर्षांत लाखो बायकांनी काम सोडलं.

वस्तुस्थिती: कागदावर तसंच दिसतं. 1961 मध्ये एकूण स्त्रियांपैकी सुमारे 28 टक्के कामकरी होत्या; 1971 चा आकडा नंतरच्या अधिकृत तक्त्यांत 14 टक्क्यांच्या आसपास आहे. पुरुषांची घसरण त्या मानाने किरकोळ, 57 वरून 53 च्या आसपास.

निम्म्या बायका दहा वर्षांत शेतातून घरी परतल्या नव्हत्या. 1961 मध्ये हंगामाच्या बऱ्याचशा काळात रोज तासाभराहून अधिक नियमित काम केलं, तरी कामकरी म्हणून नोंद होई. 1971 मध्ये आधी ‘मुख्य काम कोणतं?’ असं विचारलं गेलं. खुरपणी-कापणी करूनही घर सांभाळणारीचं उत्तर साहजिकच ‘घरकाम’ आलं आणि ती बिगरकामकरी गटात गेली. 1981 मध्ये वर्षातून सहा महिने कामाची कसोटी लावून मुख्य काम करणारे आणि त्याहून कमी काळ करणारे, म्हणजे सीमांतिक, असे दोन गट केले. 1991 च्या प्रश्नात तर घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनमोबदला केलेलं कामही धरायचं, असा उल्लेखच घातला. स्त्रियांचं प्रमाण 1981 मध्ये सुमारे 20 आणि 1991 मध्ये 22 टक्क्यांवर आलं.

गैरसमज: हा घोळ आपल्याकडचाच, विलायतेत नोंदी चोख होत्या.

वस्तुस्थिती: इंग्लंडमध्ये 1871 पर्यंत शेतकऱ्याची, खाणावळवाल्याची किंवा चांभाराची बायको नवऱ्याच्या धंद्याखाली मोजली जाई. 1881 मध्ये याच बायका बिनधंद्याच्या वर्गात ढकलल्या गेल्या. शेतं आणि दुकानं होती तिथेच होती.

गैरसमज: जात लिहिली की धंदा ओघानेच आला.

वस्तुस्थिती: जात आणि धंदा यांचे रकाने वेगळे होते. उलट प्रगणकांना बजावलेलं असे, की ‘नोकरी’, ‘मजुरी’ असे मोघम शब्द नकोत, नेमकं काम लिहा. जातीच्या आकड्यांवरून गावात इतके विणकर आणि इतके कुंभार होते, असा हिशेब मांडणं म्हणूनच धोक्याचं आहे.

गैरसमज: ‘काम न करणारी’ म्हणजे रिकामी.

वस्तुस्थिती: 2010 मध्ये अपघात-भरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 च्या जनगणनेवर नाराजी व्यक्त केली. घर सांभाळणाऱ्या सुमारे 36 कोटी स्त्रिया त्यात भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्यासोबत बिगरकामकरी गटात टाकल्या होत्या. घड्याळ लावून पाहिलं तर चित्र वेगळं निघतं. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवत होत्या. असं काम करणारे पुरुष 97 मिनिटं.

गैरसमज: पणजीचा धंदा जुन्या खानेसुमारीत शोधता येईल.

वस्तुस्थिती: इंग्लंड-वेल्समधल्या कुटुंबांना ते जमतं. तिथले 1921 चे घरोघरचे तक्ते शंभर वर्षांनी, जानेवारी 2022 मध्ये खुले झाले. भारतात 1948 च्या जनगणना कायद्याने वैयक्तिक नोंदी गोपनीय ठरवल्या आहेत. जुन्या खानेसुमारीतून वाचकाला मिळतात ते प्रांतांचे आणि जिल्ह्यांचे छापील आकडे, आणि सोबतचे अहवाल. त्या वर्षी काम कशाला म्हणायचं ठरलं होतं ते या अहवालांत सापडतं, म्हणून तक्त्याआधी ती पानं उघडलेली बरी.