दांतांतलें भरण घट्ट कसें होतें?

भिवंडी तालुक्यांतील कोन गांवचा एखादा मनुष्य किडक्या दांताच्या दुखण्यानें बेजार होऊन दुर्गाडीचा पूल ओलांडतो आणि कल्याणास दंतवैद्याकडे जातो. दंतवैद्य कीड कोरून काढतात, पोकळींत मऊ लगदा भरतात आणि बजावतात, "उद्यांपर्यंत या बाजूनें चावूं नका." मनुष्यास वाटतें, लगदा वाळला कीं काम झालें. परंतु सदैव लाळेनें ओल्या असणाऱ्या तोंडांत कांहीं वाळणार तरी कसें? भरण वाळून नव्हे, तर रासायनिक क्रियेनें घट्ट होतें. आणि पुष्कळदां ती क्रिया रोगी घरीं परतल्यावरही चालूच असते.

दांतांत ‘चांदी’ भरतात ती नुसती चांदी नसते. चांदी, कथील व तांबें यांच्या मिश्रधातूची भुकटी जवळजवळ तितक्याच वजनाच्या पाऱ्यांत घोटतात. पारा कणांचा पृष्ठभाग विरघळवितो. मग चांदी व पारा यांचे नवे स्फटिक तयार होऊन एकमेकांत गुंततात. उरलेले कण त्यांत काँक्रीटमधील खडीप्रमाणें जखडले जातात. कांहीं मिनिटांतच भरण कोरून आकार देण्याजोगें होतें; पुरतें बळ येण्यास मात्र सुमारें २४ तास लागतात. पाऱ्यामुळें होणाऱ्या प्रदूषणास आळा घालण्यासाठीं २०१३ च्या मिनामाता करारानें या भरणाचा वापर कमी करण्याचें ठरविलें.

दातदुखीवर घरोघरीं लवंग ठेवतात. त्याच लवंगेच्या तेलांतील युजेनॉल जस्ताच्या भस्मांत कालवून तात्पुरतें भरण करतात. त्याला घट्ट होण्यास पाण्याचा अंश लागतो. म्हणून तें कांचेच्या तुकड्यावर रेंगाळतें, पण ओलसर व उबदार तोंडांत लवकर आवळतें.

पांढऱ्या सिमेंटची रीत निराळी. १९७२ सालीं इंग्लंडांत विल्सन व केंट यांनीं तें प्रसिद्ध केलें. एका विशिष्ट कांचेची भुकटी पॉलिॲक्रिलिक आम्लांत कालवितात. आम्ल कांचेंतील कॅल्शियम व ॲल्युमिनियम सोडवितें आणि हे धातू आम्लाच्या लांब सांखळ्या एकमेकींस बांधतात. आधीं कॅल्शियम बांधतें, म्हणून मिनिटांत लगदा आवळतो. ॲल्युमिनियम सावकाश काम करतें, म्हणून भरण दिवसभर दृढ होत राहतें. दांतांतील कॅल्शियमही याच बंधनांत सांपडतें व सिमेंट दांतास चिकटतें. आरंभीं फार पाणी लागलें तर धातूंचे अंश धुवून जातात. फार कोरडें पडलें तर तडे जातात. यासाठीं त्यावर संरक्षक लेप देतात.

तिसरें भरण दांताच्या रंगाचें. राळेसारख्या चिकट द्रवांत कांचेचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात. निळा प्रकाश पडतांच त्यांतील एक द्रव्य जागृत होतें व सुट्या रेणूंच्या सांखळ्या जुळत जातात. प्रकाश खोल शिरत नाहीं आणि जुळतांना द्रव्य थोडें आकसतें. म्हणून दंतवैद्य सुमारें दोन मिलिमीटरचे थर देत प्रत्येकावर प्रकाश टाकतात. रोगी खुर्चीवरून उठण्यापूर्वींच हें भरण चावण्यास पुरेसें घट्ट झालेलें असतें.

तेव्हां कोनच्या त्या मनुष्यानें निघतांना एक प्रश्न अवश्य विचारावा: "दांतांत भरलें तें कोणतें?" चांदी किंवा पांढरें सिमेंट असेल, तर पूल ओलांडून तो घरीं पोहोंचेल तेव्हांही दंतवैद्याचें काम त्याच्या तोंडांत चाललेलेंच असेल, आणि त्या रात्रीं भाकरी दुसऱ्या बाजूनें चावणें हा त्या कामांतील त्याचा वांटा होय.