संकेतस्थळाचा पत्ता बदलतो तेव्हा



पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूरजवळ आत वळले, की राजगड आणि तोरणा यांच्या कुशीतला वेल्हे तालुका लागतो. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्याचे नाव 'राजगड' करण्यास मान्यता दिली. नाव बदलले म्हणून डोंगर हलले नाहीत, की गुंजवणी नदीने आपले पात्र सोडले नाही. मग पाकिटावर 'तालुका वेल्हे' असे लिहिलेल्या पत्राचे काय होईल? ते बरोबर पोहोचेल. पोस्टमनला दोन्ही नावे ठाऊक असतात. शिवाय पाकिटावर पिनकोडचे सहा आकडे असतात.

संगणकांच्या जगात मात्र दोन्ही नावे लक्षात ठेवणारा पोस्टमन आपोआप मिळत नाही. तो आपणच नेमावा लागतो. ही गोष्ट मी एक चूक करून शिकलो.

वहीतला पत्ता

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी मी एक लहानसे संकेतस्थळ चालवतो. त्यावर प्रयोगांची कृती, आकृत्या आणि सोडवलेली उदाहरणे असतात. काही वर्षांपूर्वी मी त्याचे नाव बदलले आणि सारी पाने नव्या नावाखाली मांडली. नवे संकेतस्थळ झटकन उघडू लागले. काम संपले, असे मी समजलो.

पुढे महिनाभराने वेल्ह्याकडील एका शाळेत व्याख्यानाला गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर एका मुलीने आपली वही पुढे केली. साध्या लंबकाच्या प्रयोगाच्या पानाचा पत्ता तिने अक्षर न् अक्षर उतरवून ठेवला होता. तिच्या वाडीत फोनला रेंज नव्हती. विज्ञान प्रदर्शनासाठी ते पान पाहायला ती तीन वेळा टेकडीवर जाऊन आली होती. "सर, पान सापडत नाही असंच येतं. माझं काही चुकतंय का?" तिने विचारले.

तिचे काहीच चुकले नव्हते. मी घर बदलले होते, पण जुन्या दारावर नव्या घराच्या पत्त्याची पाटी लावली नव्हती.

नाव माणसांसाठी, आकडा यंत्रांसाठी

ही पाटी कशी लावतात ते समजण्यासाठी आधी पत्ता कसा चालतो ते पाहू. संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते त्याला सर्व्हर म्हणतात. प्रत्येक सर्व्हरला एक आकडी पत्ता असतो. नेहमीच्या पद्धतीत त्यात ० ते २५५ पर्यंतच्या चार संख्या असतात. २५६ चा चार वेळा गुणाकार करून पाहा. असे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते होतात. तेही अपुरे पडू लागले, म्हणून याहून लांब पत्त्यांची दुसरी पद्धतही आता वापरात आहे.

हे आकडे माणसाला पाठ होणे कठीण. म्हणून आपण नाव वापरतो. या नावालाच डोमेन म्हणतात. पूर्वी साऱ्या नावांची एकच यादी अमेरिकेतील एका संशोधन संस्थेत ठेवलेली असे आणि इतर संगणक तिची नक्कल उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही यादी सांभाळणे अवघड झाले. तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी 'डीएनएस' ही पद्धत मांडली. तिच्यात कामाची वाटणी असते. 'भोर, जिल्हा पुणे, महाराष्ट्र' या पत्त्यात सर्वांत मोठा प्रदेश शेवटी येतो. डोमेनमध्येही तसेच असते. 'डॉट इन' हा शेवट सांभाळणारे संगणक वेगळे असतात. त्याखालच्या एखाद्या नावाची माहिती कोठे मिळेल, तेवढेच ते सांगतात.

दर वेळी एवढी विचारपूस करण्यात वेळ जाऊ नये, म्हणून मधले संगणक मिळालेले उत्तर काही काळ जपून ठेवतात. हा काळ सेकंदांत लिहिलेला असतो. समजा तो ८६,४०० सेकंद आहे. म्हणजे किती? बरोबर एक दिवस! तुम्ही आज आकडा बदललात, तरी काही वाचक उद्यापर्यंत जुन्याच सर्व्हरकडे जात राहतील. म्हणून जाणकार माणूस बदलाच्या दोन दिवस आधीच हा काळ ३०० सेकंदांवर आणतो आणि सारे स्थिर झाल्यावर तो पुन्हा वाढवतो.

४०४ आणि ३०१

सर्व्हर प्रत्येक मागणीला तीन आकडी खुणेने उत्तर देतो. '४०४' म्हणजे पान सापडले नाही. वहीतल्या पत्त्याला हेच उत्तर मिळत होते. '३०१' म्हणजे पान कायमचे हलले आहे आणि सोबत त्याचा नवा पत्ता दिलेला असतो. ही खूण मिळताच ब्राउझर तुम्हाला न विचारता नव्या जागी जातो. शोधयंत्रेही ती वाचून आपल्या नोंदी सुधारतात. तात्पुरत्या बदलासाठी '३०२' ही वेगळी खूण आहे.

मी घाईने ३०१ ची पाटी लावली, पण तेथे दुसरी चूक केली. जुने सारे पत्ते मी नव्या मुखपृष्ठाकडे वळवले. लंबक मागणाऱ्याला मुखपृष्ठ दाखवणे म्हणजे घराची चौकशी करणाऱ्याला एस. टी. स्टँडवर सोडून देणे! अखेर मी जुन्या व नव्या पत्त्यांचा दोन रकान्यांचा तक्ता केला आणि एकेक पान आपल्या जागी जोडले.

वाईचा विश्वकोश

असा तक्ता का लागतो, याचे एक मोठे उदाहरण भोरच्या शेजारीच आहे. भोरहून मांढरदेवीचा घाट ओलांडला की वाई येते. मराठी विश्वकोशाचे काम याच गावी चालते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक असताना १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. पुढे हे खंड महाजालावर आले. पूर्वी त्यांतील नोंदी 'मराठीविश्वकोश डॉट इन' या नावाखाली होत्या आणि नोंदीच्या पत्त्यात खंडाचा क्रमांकही येई. मराठी विकिपीडियाच्या कितीतरी लेखांत हे पत्ते संदर्भ म्हणून दिले गेले. आता ते खंड 'विश्वकोश डॉट मराठी डॉट गव्ह डॉट इन' येथे आहेत आणि नोंदींचे पत्ते निराळ्या क्रमांकांनी बनलेले आहेत. म्हणून जुन्या पत्त्यात फक्त डोमेन बदलून भागत नाही. पूर्ण पत्त्याला पूर्ण पत्ताच जोडावा लागतो.

ही अडचण साऱ्या जगाची आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. महाजालावर २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती, असे तिच्यात आढळले. शाळेच्या पुस्तकातला क्यूआर कोडसुद्धा चित्राच्या रूपातला पत्ताच असतो. एकदा छापलेला कोड खोडता येत नाही. त्यामागचा पत्ता जिवंत ठेवणे, एवढेच आपल्या हाती उरते.

जुने नाव सोडू नये

डोमेन विकत मिळत नाही. ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवायचे असते. मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत, तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. मग वहीतल्या पत्त्यावर लंबकाऐवजी भलत्याच जाहिराती दिसू लागतील. म्हणून नवे नाव घेतले तरी जुने चालू ठेवावे. जुन्या नावाचे सुरक्षा-प्रमाणपत्रही चालू असावे. तसे नसेल तर ब्राउझर पाटीपर्यंत पोहोचण्याआधीच धोक्याची सूचना देऊन वाचकाला थांबवतो. मी आजही दर वर्षी दोन्ही नावांचे पैसे भरतो. त्या मुलीच्या वहीतला पत्ता आता थेट लंबकाच्या पानावर नेतो.

करून पाहा

तुमच्या पुस्तकांत, शाळेच्या फलकावर किंवा जुन्या मासिकांत छापलेले दहा पत्ते शोधा. शिक्षकांच्या देखरेखीखाली ते उघडून पाहा आणि तीन रकान्यांचा तक्ता करा: पान उघडले, दुसऱ्या पत्त्यावर नेले, सापडले नाही. दुसऱ्या रकान्यातील प्रत्येक पान हवे तेच आहे की नुसते मुखपृष्ठ, हेही तपासा.

शिक्षक मित्रांना एक विनंती. शाळेचे संकेतस्थळ हलवायचे असेल, तर जुन्या पत्त्यांची यादी आधी करा, घर नंतर बदला. नवे संकेतस्थळ उघडले म्हणजे काम संपले असे समजू नका. एखाद्या जुन्या वहीतला पत्ता टाइप करून पाहा. योग्य पान समोर आले, तरच स्थलांतर पुरे झाले असे म्हणा.