जानेवारीत चालतं, मेमध्ये कोसळतं
(लेखमाला : भाग ७)

प्रोसेसरचा वेग मर्यादेपलीकडे कसा न्यायचा, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आता त्यानंतरचं दुखणं : मशीन हँग होतं, निळा पडदा येतो, खेळ ऐन रंगात असताना रीस्टार्ट.

यूट्यूबवरचे आकडे बहुधा एसीच्या खोलीतले असतात. आपल्याकडे नांदेडला मे महिन्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली दुपारी चाळीस अंश सहज होतात. हवेवर किंवा पाण्यावर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्यामुळे पंचवीस अंशांच्या खोलीत ८५ दाखवणारी सेटिंग इथे शंभरला टेकते. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांजवळ आणि रायझन ७००० मालिकेतले बहुतेक ९५ ला स्वतःच वेग उतरवतात. मशीन मात्र त्याआधीच बंद पडू शकतं, कारण तापलेल्या चिपला तोच वेग पेलायला व्होल्टेज थोडं जास्त लागतं. लातूर बालाघाटाच्या पठारावर, नांदेडपेक्षा उंच, म्हणून थोडं थंड. तेव्हा तिथल्या मित्राची सेटिंग जशीच्या तशी उचलू नका.

मग व्होल्टेज वाढवायचं? इथेच पोरं फसतात. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.७ गिगाहर्ट्झचे ५ केले आणि त्यासाठी १.२० व्होल्टचे १.३२ केले, तर वेग सहा टक्के वाढला आणि उष्णता जवळपास २९ टक्के. मला हा सौदा मराठवाड्याच्या उन्हाळ्यात परवडणारा वाटत नाही.

आधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा. बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करा. मशीन शांत झालं, तर गडबड बहुधा रॅमची किंवा प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरची. नाही झालं, तर प्रोसेसरवर ताण देणारं सिनेबेंच चालवा आणि तापमान बघत बसा. तापमान कमी असतानाच लगेच कोसळलं तर व्होल्टेज अपुरं. पंधरा-वीस मिनिटं तापत जाऊन कोसळलं तर उष्णता. काही काम नसताना, नुसतं डेस्कटॉप उघडं असताना बंद पडत असेल, तर बहुधा अंडरव्होल्ट, म्हणजे व्होल्टेज उतरवणं, जास्त झालंय. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या 'व्हीआ लॉगर'च्या (WHEA-Logger) नोंदीही पाहा. निळा पडदा येण्याआधीच त्या अनेकदा इशारा देतात.

खिडकीतल्या कूलरसमोर कॅबिनेट ठेवलंय? हवा गार मिळते, पण ओलसर धूळ हीटसिंकच्या पात्यांत घट्ट बसते. ती काढली की कधीकधी सेटिंगला हात लावावाच लागत नाही. संध्याकाळी लाइट मंद होण्याच्या वेळेलाच मशीन रीस्टार्ट होत असेल, तर आधी स्वस्तातला एसएमपीएस तपासा.

आणि इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा कोअर आय-७ किंवा आय-९ असेल, तर वेग न वाढवताही तो अस्थिर होऊ शकतो. हा दोष कंपनीनेच मान्य केला असून ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोड दिला आहे. तो बायोस अपडेटमधून येतो, पण आधीच बिघडलेली चिप त्याने दुरुस्त होत नाही. या पिढ्यांच्या बाधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवलेली आहे. बिल शोधून ठेवा.